‘उष्टा’ साबण आणि नवी बाटली

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला, ‘साबणाची वडी की बॉडी वॉश’, तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली. मारहाण, पोटगी, रेशन, रोजगार हमी असे प्रश्न समोर असताना साबणावर कसली चर्चा, असं काहीजणींना वाटणं साहजिक आहे. पण वस्तीतल्या बैठकांमध्ये हा विषय मी काढत नाही, बायकाच काढतात. कुणाची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, मला वडी नको, बाटलीच हवी. कुणाची सून म्हणते, सासऱ्यांनी अंगाला लावलेली वडी मी कशी लावू? आणि धुण्याभांड्याला जाणारी ताई म्हणते, त्यांच्या बाथरूममध्ये बाटल्यांची रांग आहे, माझ्यासाठी मोरीत कपड्याच्या साबणाचा तुकडा ठेवलाय. या तिन्ही वाक्यांत साबणापेक्षा मोठं काहीतरी आहे. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. वडी म्हणजे आपली परंपरा आणि बाटली म्हणजे परकं आक्रमण, अशी मांडणी मी करणार नाही. वडीसुद्धा बाजारानेच आपल्या घरात आणली. इंग्लंडमधला सनलाइट साबण १८८८ साली कोलकात्याच्या बंदरात उतरला. त्याआधी आपल्याकडे डाळीचं पीठ होतं, शिकेकाई-रिठे होते, अंग घासायला दगड होता. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत आल्या, आणि सिनेमातल्या नटीसारखी कांती वडीतून मिळते असं घरोघरी सांगितलं जाऊ लागलं. तेव्हा बाईच्या अंघोळीवर बाजाराची नजर पडली ती काही आज नाही. फरक एवढाच, की तेव्हा सौंदर्याची आशा विकली जात होती. आज तिच्याबरोबर भीती आणि लाजही विकली जाते.

आता वडी आणि बाटली यांत नेमकं काय असतं ते पाहू. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांची क्रिया होऊन साबण बनतो, त्यात ग्लिसरीनही तयार होतं. वडीच्या वेष्टनावर टीएफएम असं लिहिलेलं असतं, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थांचं प्रमाण. आपल्या मानकांप्रमाणे अंघोळीच्या साबणाच्या तीन प्रती आहेत. पहिलीत हे प्रमाण किमान ७६ टक्के लागतं, दुसरीत ७०, तिसरीत ६०. ज्या वडीवर साबण न म्हणता ‘बेदिंग बार’ लिहिलेलं असतं तिथे किमान ४० टक्केही चालतं. पुढच्या वेळी दुकानात गेलात की वेष्टन उलटून हा शब्द शोधा.

बॉडी वॉशची बाटली उलटून पाहिली तर घटकांच्या यादीत बहुतेक वेळा पहिलं नाव पाण्याचं असतं. यादी प्रमाणानुसार लिहितात, म्हणजे सर्वांत जास्त पाणीच. त्यानंतर फेस आणणारं रसायन, बऱ्याचदा सोडियम लॉरेथ सल्फेट. मग दाटपणा आणणारे पदार्थ, रंग, सुगंध आणि टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्यं. पाणी आलं की जंतू वाढण्याची शक्यता आली, म्हणून ती द्रव्यं लागतात. कोरड्या वडीला त्यांची तेवढी गरज पडत नाही. आपल्या कितीतरी घरांत बाटली संपत आली की तिच्यात पाणी घालून, हलवून आणखी आठ दिवस चालवतात. काटकसर म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण पाणी घातल्यावर टिकवणारी द्रव्यं पातळ होतात आणि आत जंतू वाढू शकतात. तळाशी पाणी घालायचंच असेल तर त्याच दिवशी संपवा.

आता ‘उष्ट्या’ साबणाकडे येते. घरातल्या वडीचा क्रम कधी पाहिला आहे का? सकाळी आधी कामावर जाणारा पुरुष, मग शाळेची मुलं, मग सासूबाई-सासरे, आणि सगळ्यांचं आवरलं की शेवटी घरातली बाई. नवी वडी उघडली जाते ती त्यांच्यासाठी. वडीचा उरलेला पातळ तुकडा तिच्या वाट्याला. तो मोडला तर ती नव्या वडीला चिकटवते. ताटात उरलेलं खाणारी जी बाई, तीच साबणाचं उरलेलं वापरणारी. म्हणून एखादी सून म्हणाली की मला माझा वेगळा साबण हवा, तर तिला चटकन ‘नखरेल’ म्हणू नका. स्वतःची एक वस्तू, जिला घरात दुसरं कुणी हात लावणार नाही, ही इच्छा खरी आहे. आयुष्यभर स्वतःचं कपाट नसलेल्या बायकांना ती जास्त कळेल.

पण जाहिरात या इच्छेचं काय करते? ती म्हणते, वडीला सगळ्यांचे हात लागतात, ती अस्वच्छ. बाटली कुणाच्या स्पर्शाशिवाय येते, ती शुद्ध. हे शब्द ओळखीचे वाटतात ना? सोवळं-ओवळं, शिवाशिव, बाजूला बसणं, या सगळ्याची भाषा हीच होती. नवीन एवढंच, की विटाळाच्या जागी जंतू हा शब्द आला.

आमच्या गटातर्फे चालणाऱ्या आधारगृहातला अनुभव सांगते. तिथे एक बाई राहायला आली, तिच्या हातांवर आणि चेहऱ्यावर कोड होतं. बेसिनपाशी हात धुवायला एकच वडी असायची. दोन दिवसांत बाकीच्या बायकांनी त्या वडीला हात लावणं बंद केलं. भांडण कुणी केलं नाही, आवाजही चढला नाही, फक्त प्रत्येकीच्या पदरात आपापला तुकडा दिसू लागला. ते पाहून देखरेख करणाऱ्या कार्यकर्तीने सुचवलं, आपण पंपाची बाटली आणू, म्हणजे प्रश्नच मिटेल. पैसेही एका हितचिंतकाने देऊ केले.

बैठकीत मी विरोध केला. बाटलीने साबणाचा प्रश्न मिटला असता, स्पर्शाचा नाही. उद्या तिच्या हातची पोळी खायची का, तिच्या शेजारची गादी कुणी घ्यायची, तिची वेणी कुणी घालायची, हे प्रश्न तसेच राहिले असते. उलट संस्थेनेच पैसे खर्च करून सांगितलं असतं, की हो, तुमची भीती बरोबर आहे, तिने हात लावलेल्या वस्तूला आम्हीही पर्याय आणला. कोड स्पर्शाने पसरत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी काही जागी नाहीशा होतात, एवढंच. हे आम्ही डॉक्टर मैत्रिणीला बोलावून दोन संध्याकाळी समजावलं. वडी तिथेच ठेवली. अंघोळीसाठी मात्र सगळ्यांना सारखी, आपापली वडी आणि आपापली डबी द्यायची असं ठरलं, म्हणजे वेगळेपणा असेल तर तो सगळ्यांना समान. एक बाई शेवटपर्यंत पटवून घेऊ शकली नाही, ती हात नुसत्या पाण्याने धुवायची. बाकीच्या हळूहळू बेसिनपाशी आल्या. हे जमायला तीन आठवडे लागले. बाटली एका दिवसात आली असती.

आता तुम्ही विचाराल, कोडाचं सोडा, पण दुसऱ्याने वापरलेल्या वडीतून आजार होतात की नाही? यावर प्रयोग झालेले आहेत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात साबणाच्या वड्यांवर मुद्दाम जंतू लावले, वापरातल्या वडीवर सापडतात त्यापेक्षा सुमारे ७० पट जास्त. मग १६ जणांनी त्या वड्यांनी हात धुतले. धुतल्यानंतर कुणाच्याही हातावर ते जंतू सापडले नाहीत. हे संशोधक साबण बनवणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगायला हवं, कारण कुणाच्या पैशाने काय तपासलं हे विचारायची सवय आपल्याला असली पाहिजे. पण त्याआधी १९६५ साली झालेल्या प्रयोगाचा निष्कर्षही असाच होता. वडी पाण्यात लोळत ठेवू नये, जाळीच्या साबणदाणीत निथळू द्यावी, वापरण्याआधी पाण्याखाली धरावी, एवढं पुरे.

पसरतं ते दुसऱ्या वाटांनी. गजकर्ण एकमेकांच्या टॉवेलमधून पसरू शकतं. खरूज जवळच्या स्पर्शातून आणि अंथरुणा-कपड्यांतून पसरते. वस्तरा तर कधीच वाटून घेऊ नये. आणि बॉडी वॉशबरोबर जो लूफा विकतात, त्याकडेही बघा. वाळवलेल्या घोसाळ्याच्या लूफामध्ये ओलाव्यामुळे जंतू वाढतात आणि तो त्वचेपर्यंत ते पोचवू शकतो, असं १९९४ साली एका अमेरिकन अभ्यासात दाखवलं गेलं. म्हणजे वडीला घाबरून बाटली आणायची, आणि बाटलीबरोबर आलेला ओला लूफा महिनोन् महिने खिळ्याला लटकत ठेवायचा, यात स्वच्छता कुठे आली? अंगाला हात पुरेसा आहे. पायांच्या भेगांना आपली वजरी आहेच.

‘जंतुनाशक’ या शब्दाबद्दलही थोडं बोलते, कारण तो वडीवरही असतो आणि बाटलीवरही. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ द्रव्यं घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायला लावली. ही द्रव्यं दीर्घकाळ वापरायला सुरक्षित आहेत आणि साध्या साबणापाण्यापेक्षा जास्त गुणकारी आहेत, याचा पुरावा कंपन्या देऊ शकल्या नव्हत्या. साधा साबण जंतूंना अंगावरून सोडवतो आणि पाणी त्यांना वाहून नेतं. एवढंच काम आहे, आणि ते तो चांगलं करतो.

मग बाटलीला काहीच अर्थ नाही का? आहे. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ९ ते १० असतो. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, साधारण ५ च्या आसपास. निरोगी त्वचा हा फरक काही तासांत भरून काढते. पण म्हातारपणी त्वचा कोरडी पडते, कुणाला इसब असतं, कुणाचे हात दिवसभर भांड्यांच्या साबणात राहून फुटलेले असतात. त्यांना साबणाने आग होते, थंडीत जास्तच. सौम्य, कमी वासाचं, त्वचेच्या पीएचच्या जवळचं धुणं त्यांना खरोखर आराम देतं. शिवाय बोअरचं पाणी जड असलेल्या गावांत साबणाचा फेस होत नाही, अंगावर आणि बादलीला पांढरट साका बसतो. बॉडी वॉशमधली रसायनं जड पाण्यातही फेस देतात. संधिवाताने बोटं वाकलेल्या आजीला निसटणारी वडी धरता येत नाही, ओली वडी पायाखाली येऊन ती पडू शकते. अशा आजीसाठी बाटली आणली तर तो चैनीचा खर्च नाही.

मात्र इथेही एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. हा सौम्यपणा बाटलीमुळे येत नाही, आतल्या पदार्थामुळे येतो. नेहमीच्या साबणाऐवजी सौम्य कृत्रिम प्रक्षालकांची वडीही मिळते. डव्ह ही वडी अमेरिकेत १९५७ साली आली ती याच पद्धतीची. आणि उलट, उग्र वासाच्या एखाद्या बॉडी वॉशने त्वचा आणखी कोरडी पडू शकते, पुरळ उठू शकतं. म्हणून प्रश्न वडी की बाटली असा नाही. माझ्या त्वचेला काय होतंय आणि आत काय आहे, असा आहे.

लाजेच्या बाजाराकडे येते. बॉडी वॉशच्याच शेजारी आता ‘खास स्त्रियांसाठी’ वेगळ्या बाटल्या मांडलेल्या असतात. २०१२ साली आपल्या टीव्हीवर एक जाहिरात आली. नवरा बायकोकडे बघत नाही, बायको मायांग धुण्याचं आणि उजळ करण्याचं एक द्रव्य वापरते, आणि संसार पुन्हा फुलतो. तेव्हा खूप टीका झाली. पण तो विचार दुकानातून गेला नाही. आजही किशोरी गटातल्या मुली दबक्या आवाजात विचारतात, ताई, ते वापरलं नाही तर वास येतो का?

तर स्पष्ट सांगते, आणि तुमच्या गटांतही एवढंच स्पष्ट सांगा. योनीमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः करतो. तिथे राहणारे उपकारक जंतू आम्ल तयार करतात, त्यामुळे प्रजननक्षम वयात तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो, आणि अपायकारक जंतूंना ते मानवत नाही. आत साबण, बॉडी वॉश, डेटॉल, काहीही घालायचं नाही. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरेसं. पाळीतही तेच. अंगावरून पांढरं जाताना दुर्गंधी, खाज, आग किंवा रंगात बदल असेल तर तो धुण्याचा विषय नाही, तपासणीचा आहे. बाटलीवर खर्च केलेले दिवस उपचाराला उशीर करतात. आणि त्वचेचा तिथला रंग गडद असणं हा आजार नाही, दोषही नाही.

आता हिशेब. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या गटांनी हा करून बघावा. आमच्या घरात तीन माणसं. १२५ ग्रॅमची वडी आम्हाला दोन आठवडे जाते, म्हणजे ४२ अंघोळी. बॉडी वॉश एका वेळेला १० मिलिलिटर धरा, तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ अंघोळी होतात. समजा वडी ४५ रुपयांची आणि बाटली २०० रुपयांची. वडीची अंघोळ पडते रुपयाच्या आसपास, बाटलीची आठ रुपयांना. चार माणसांच्या घरात महिन्याला १२० अंघोळी. एकीकडे १३० रुपये, दुसरीकडे ९६०. तुमच्या दुकानातल्या किमती घालून आकडे बदला, पण हिशेब करा. आता वेष्टनावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पैसे तेही छापलेलं असतं, ते बघायला मुलींना शिकवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीच्या वडीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, द्रव साबण १८ टक्क्यांतच राहिला, हीही तफावत त्यात धरा.

हा वरचा पैसा कुठून येतो ते पाहा. नवऱ्याच्या विडी-तंबाखूतून येत नाही. तो आईच्या डब्यातल्या बचतीतून येतो, तिच्या औषधातून, तिच्या रिक्षाच्या भाड्यातून. मुलीला बाटली मिळते आणि आई दोन स्टॉप आधी उतरून चालत येते. मुलीला दोष देऊ नका. तिला वर्गातल्या मैत्रिणींसारखं असायचं आहे. पण तिला वहीसमोर बसवा, पेन तिच्या हातात द्या.

शेवटची बाई राहिली, ती आपल्याला दिसत नाही. बाटली रिकामी झाल्यावर ती कुणाच्या हातात जाते? १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हापासून कचरावेचक बायका आपल्याला त्यांच्या कामाचं मोल समजावत आल्या आहेत. कडक प्लास्टिकची बाटली भंगारात विकली जाते. पण पंपात स्प्रिंग आणि वेगवेगळी प्लास्टिकं एकत्र असतात, आणि स्वस्त म्हणून घेतलेल्या बहुपदरी रिफिलच्या पिशवीला तर भंगारवाला हातही लावत नाही. वडीचं वेष्टन फार तर कागदाचं किंवा पातळ फिल्मचं. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या संशोधकांनी २००९ साली हात धुण्याच्या साबणांची तुलना केली, तेव्हा वेष्टन बनवायला द्रव साबणाला वडीच्या जवळजवळ २० पट ऊर्जा लागते असं त्यांना आढळलं.

तर आपापल्या गटात जाऊन काय करायचं? एक, पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातला साबण आणावा, वडी असो की बाटली, आणि वेष्टनं मोठ्याने वाचावीत. दोन, नव्या वडीवर पहिला हात कुणाचा पडतो आणि शेवटचा तुकडा कुणाकडे जातो, हे आठवडाभर नोंदवावं. तीन, घरकामगार संघटनेच्या मैत्रिणींनी हा मुद्दा मागणीपत्रात घ्यावा, की कामाच्या घरी हात धुवायला तोच साबण मिळाला पाहिजे जो घरातली माणसं वापरतात. पगारवाढीपुढे ही मागणी लहान वाटेल. पण ज्या घरात तिच्या हातचं अन्न चालतं, त्या घरात तिचा हात साबणाला का चालू नये, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

आणि ज्या बाईला बाटली हवी आहे, तिने ती घ्यावी. त्वचेसाठी घ्यावी, हाताच्या दुखण्यासाठी घ्यावी, कधी परवडलं तर नुसत्या वासाच्या आवडीसाठीही घ्यावी. अंघोळीची दहा मिनिटं ही कितीतरी बायकांची दिवसातली एकमेव स्वतःची वेळ असते, तिच्यावर आपण पहारा ठेवायचा नाही. पण दुसऱ्या माणसाच्या हाताची किळस म्हणून घेऊ नये, आणि स्वतःच्या अंगाची लाज म्हणून तर अजिबात घेऊ नये.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.